'काकू, इथे गोल लिहिला की साहेब खोडतात'

आधी पत्र. थोडं छाटून देतेय, कारण मूळ पत्र चार पानी होतं आणि मधेच भाताच्या कुकरचीही तक्रार होती.

"काकू, मी मूळचा कराडचा, वय ३१. हिंजवडीत सहा वर्षं एका अमेरिकन कंपनीत काढली, आता दोन वर्षं टोकियोत, बायकोसोबत निशि-कासाईला राहतो. पुण्यात माझं अप्रेझल कायम टॉपला. इथे एप्रिलमध्ये गोल शीट, म्हणजे आपली उद्दिष्टं लिहायचा फॉर्म, भरायला दिलं, मी झोकात लिहिलं की टीमचे बग ५० टक्के कमी करणार आणि वर्षात टीम लीड होणार. आमचे मॅनेजर म्हणजे काचो-सान, त्यांनी ५० चे २० केले, टीम लीडवाली ओळ पेन्सिलीने खोडली आणि म्हणाले अजून नेमकं लिहा. मी शेवटचे तीन आठवडे रात्री दहापर्यंत बसून २६ टक्के करून दाखवले, स्वतःला ए दिला, तर त्यांनी त्याचा बी केला आणि वर 'हान्सेई' लिहून आणायला सांगितलं, म्हणजे काय चुकलं ते! शेजारचा जपानी पोरगा माझ्यापेक्षा भारी काम करतो, त्याने स्वतःला सी दिला होता. मला ओतानी नावाच्या बेसबॉलवाल्याचा ८१ चौकोनांचा कागद पण प्रिंट काढून दिलाय, त्यात 'कचरा उचलणे' हा गोल आहे, सीरियसली? जपानीची एन-टू परीक्षा दोन वर्षं न्यू इयर रेझोल्यूशनमध्ये आहे, रोज मेट्रोत कांजीचं, म्हणजे जपानी चित्राक्षरांचं, ॲप करतो, ४०० दिवसांची स्ट्रीक आहे, तरी डिसेंबरमध्ये फक्त ६ मार्कांनी गेली, मार्कशीट जोडलंय. बाबा एसटीतून रिटायर झालेत, फोनवर एकच विचारतात, तुझं ध्येय काय, म्हणजे फ्लॅट कधी. पुण्यातला मित्र सिॲटलला जाऊन दर आठवड्याला लिंक्डइनवर काहीतरी जिंकतोय. माझा ॲटिट्यूड खराब झालाय का हा देशच माणसाला छोटी स्वप्नं बघायला लावतो? परत येऊ का अमेरिका ट्राय करू? – निशि-कासाईवाला. ता.क. दारुमा बाहुली आणलीये, एक डोळा रंगवलाय. आई म्हणते एका डोळ्याची बाहुली घरात नको, अपशकुन असतो. काय करू?"

अरे निशि-कासाईवाल्या,

तुझा ॲटिट्यूड ठणठणीत आहे. पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चहा घेऊन, आणि मोजले तर त्यात चार गोल निघाले. एक काचो-सानांना दाखवायचा, एक बाबांना सांगायचा, एक लिंक्डइनवरच्या पब्लिकसमोर मिरवायचा, आणि चौथा एन-टूचा, जो कुणालाच दाखवायचा नाहीये तर तोच बिचारा बेवारस पडलाय. माणूस गोल लिहितो तेव्हा नकळत कुणाला तरी डोळ्यासमोर ठेवून लिहितो, आणि तो वाचणारा मुलूख बदलला की बदलतो. तुझा बदलला आणि तू जुन्याच वाचणाऱ्यासाठी लिहीत बसलास, एवढंच झालंय.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. एचआरमध्ये २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा चाकणला, जपानी भागीदारी असलेल्या एका कारखान्यात, गाड्यांचे पार्ट बनायचे. त्यामुळे दोन्हीकडचे फॉर्म भरून घेतलेत, दोन्हीकडची रडारड ऐकलीये.

पुण्यात तू जो फॉर्म भरायचास त्याचं कूळ अमेरिकेतलं. मॅनेजमेंटचे गुरू पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टं ठरवून कारभार करायची कल्पना मांडली, पुढे इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हने तिला धार लावली, आणि १९९९ मध्ये गुगलमध्ये पैसे लावणाऱ्या जॉन डोअरने ती गुगलच्या पोरांना शिकवली, तेव्हा गुगल जेमतेम वर्षाचं बाळ होतं. तिथे मुद्दाम हाताला न लागणारा आकडा लिहितात, ६०-७० टक्के जमलं की शाबासकी, आणि दरवेळी शंभर टक्के जमायला लागलं तर उलट म्हणतात की तू सोपं लिहिलंस. म्हणजे ५० लिहिलं तरी ३०-३५ येणार हे लिहिणाऱ्यालाही माहीत आणि वाचणाऱ्यालाही, मंडईत भाजीवाली ८० सांगते आणि आपण ६० ला नेतो तसं, कुणी कुणाला खोटारडं म्हणत नाही.

माझ्या अनुभवात जपानी कागदावर ५० म्हणजे ५०. लिहिलंस ना, मग आण. नाही आणलंस तर ४५ आणले म्हणून कौतुक होत नाही, शब्द मोडला असा हिशेब लागतो. म्हणून चांगला वरिष्ठ आधीच आकडा खाली ओढतो, तुझी इज्जत वाचावी म्हणून. काचो-सानांनी ५० चे २० केले तेव्हा तुला वाटलं पंख छाटले, मला वाचताना वाटलं की माणूस बरा आहे, याला पोराची काळजी आहे.

आता २० च्या जागी २६ आणूनही बी का? मी काही त्यांच्या डोक्यात बसलेले नाही, पण तुझ्याच पत्रात उत्तर पडलंय: शेवटचे तीन आठवडे, रात्री दहापर्यंत, एकट्याने. जास्त काम करून माणसं मरतात म्हणून ज्या देशात 'कारोशी' असा शब्द आहे, आणि जिथे मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून ओव्हरटाईमची साधारण मर्यादा महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० अशी कायद्याने बांधून दिलीये, तिथे तू रात्री बसून केलेला पराक्रम हा मॅनेजरच्या डोक्याला ताप असतो. शिवाय आधी निवांत आणि शेवटी धावाधाव, हे आपल्याकडे मार्चएंडचं शौर्य म्हणून खपतं, तिथे ते प्लॅनिंग चुकल्याचं लक्षण धरतात. हान्सेईत हेच लिहायचं होतं, माफीनामा नाही.

हान्सेईवरून आठवलं. चाकणला माझं पहिलंच वर्ष, डिस्पॅचचं टार्गेट दोन दिवस आधी गाठलं म्हणून मी पेढे मागवले. लाईनवर वाटप चालू झालं, तेवढ्यात जपानी ॲडव्हायझर आले, ज्यांना सगळे सेन्सेई म्हणायचे. त्यांनी पेढा खाल्ला, छान आहे म्हणाले, रुमालाला हात पुसले आणि थेट फळ्याकडे जाऊन विचारलं की मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला मशीन ४० मिनिटं का बंद होतं. आमचा लाईन लीडर, तुमच्या साताऱ्याकडचाच, हातात अर्धा पेढा घेऊन उभा. नंतर कँटीनमध्ये मला म्हणाला, "मॅडम, पास झालेल्या पोराला पण छडी मारतेत व्हय ही माणसं?" मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. मग हळूहळू कळलं की तिकडे शाळेतल्या पोरांचं पण असंच असतं, सहल झाली, स्पर्धा झाली की बसून काय बरं झालं आणि काय राहिलं हे बोलायचं, जिंकलं तरी. आणि गंमत सांगू का, त्याच लीडरच्या पोरीला दहावीला ९१ टक्के पडले तेव्हा तो पेढे घेऊन ऑफिसात आला आणि पहिलं वाक्य काय, "नऊ कुठं गेले म्हणलं तिला." म्हणजे प्रश्न आपल्याकडेही तोच. फरक इतकाच की सेन्सेई प्रश्न विचारून त्या ४० मिनिटांपाशी तासभर बसले, आपला बाप प्रश्न विचारून पेपर वाचायला घेतो.

यावर अभ्यासही झालाय. स्टीव्हन हाइने, शिनोबु कितायामा वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी कॉलेजच्या पोरांना शब्दांची कोडी दिली होती, काहींना सोपी काहींना अवघड, म्हणजे काहींना वाटावं जमलं आणि काहींना वाटावं आपटलो, मग तशाच आणखी कोड्यांबरोबर त्यांना एकटं सोडून बघितलं की कोण किती वेळ झटतंय. २००१ मध्ये छापून आलं ते. उत्तर अमेरिकेतली पोरं जिथे जमलं होतं तिथे जास्त वेळ रमली, जपानी पोरं जिथे आपटली होती तिथे. आता कॉलेजच्या चार पोरांवरून अख्खा देश मोजायचा नसतो आणि जपानी माणूस म्हणजे असाच असंही नसतं, आमच्या प्लँटवरचा एक जपानी अकाउंटंट इतक्या थापा मारायचा की बास. पण तुझं कोडं उलगडायला याची मदत होते. तुझ्या पुण्याच्या कंपनीने तुला शिकवलं की जे जमतं ते मोठ्याने सांग आणि त्यावरच पुढे चढ. काचो-सान बघतायत की जे जमलं नाही तिथे हा बसतो का.

आणि तो शेजारचा सी वाला! तो रडका नाहीये रे. 'मादा मादा देस' म्हणत असेल ना सारखा? अजून कुठे, अजून बरंच बाकी आहे. तू कराडचा आहेस, तुला हे कळायला पाहिजे. आपल्याकडे कुणाला कसं काय विचारलं की 'बरं चाललंय' म्हणतात आणि त्या एका 'बरं'मध्ये दोन प्रमोशन, एक ट्रॅक्टर आणि मुलीचं मेडिकलचं ॲडमिशन मावतं. तुझ्या मित्राच्या लिंक्डइनचं उलटं गणित मांड, तिथे 'थ्रिल्ड' म्हणजे आपलं 'बरं चाललंय'. डचांकडे तर म्हणच आहे की नॉर्मल वाग, तेवढाच वेडेपणा पुरे. तेव्हा मित्राची पोस्ट मराठीत भाषांतर करून वाचत जा, निम्मी जळजळ तिथेच थांबेल.

आता तो कचरा उचलणारा कागद, ज्याच्यावर तू इतका हसलास. नीट बघितलास का? शोहेई ओतानी हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला होता, हानामाकी हिगाशी शाळेत, तेव्हाचा तो तक्ता. मधोमध मोठा गोल, आठ संघांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे जपानी बेसबॉल संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, आपल्याला पहिल्या फेरीत मागावं. त्याच्याभोवती आठ चौकोन: शरीर, कंट्रोल, चेंडूची धार, ताशी १६० किलोमीटर वेग, वळणारे चेंडू, मन, माणूसपण आणि आठवा, नशीब. मग त्या प्रत्येकाचे परत आठ. शरीराखाली लिहिलंय रात्री सात वाट्या भात आणि सकाळी तीन. नशिबाखाली लिहिलंय कचरा उचलणे, नमस्कार-चमत्कार करणे, खोली झाडणे, सामान जपून वापरणे, अंपायरशी नीट वागणे, पुस्तकं वाचणे, लोकांना ज्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्याशा वाटतील असा माणूस होणे. सोळा वर्षांच्या पोराने नशीब मागितलं नाही, त्याचे आठ तुकडे करून रोज हाताने करण्यासारखं काय आहे ते शोधलं. आपण नशिबासाठी नवस बोलतो, तोही गोलच आहे म्हणा, पण नवसात आपलं काम गोल पूर्ण झाल्यावर सुरू होतं, नारळ नाहीतर तोरण.

आणि तुला कुणी न सांगितलेली गोष्ट सांगते. मधला गोल पूर्ण झालाच नाही! १९ वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, २०१२ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आठ नाही, एकाच संघाने घेतलं, होक्काइदोच्या निप्पॉन-हॅम फायटर्सनी, कारण त्याने आधीच जाहीर केलं होतं की मी थेट अमेरिकेला जाणार. १६० चा वेग मात्र त्याने शाळेत असतानाच गाठला. मधला चौकोन रिकामा राहिला, बाजूचे भरले, आणि २०२४ मध्ये त्याच पोराने अमेरिकेत एका सीझनला ५४ होमरन (आपले षटकारच समज) मारले आणि ५९ बेस चोरले (चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून पळत पुढचा टप्पा गाठणं). तुझा 'टीम लीड होणार' हा मधला चौकोन आहे. काचो-सानांनी तो खोडला कारण तो तुझ्या हातात नाही, त्यांच्याही नसेल कदाचित. त्यांनी प्रिंट दिली म्हणजे बाजूचे आठ मागितलेत. दोन ज्युनियरचे कोड रिव्ह्यू, आठवड्याची मीटिंग एकदा तू जपानीतून चालवणं, हँडओव्हरचं डॉक्युमेंट असं लिहिणं की तू रजेवर गेलास तरी कुणी फोन करणार नाही. हे लिही. आणि फॉर्म यायच्या पंधरा दिवस आधी त्यांच्याकडे जा, फॉर्म हातात न घेता, आणि विचार की सहा महिन्यांनी माझ्यात काय दिसलं तर तुम्हाला वाटेल हा पुढे गेला. याला ते नेमावाशी म्हणतात, झाड हलवायच्या आधी मुळांभोवतीची माती मोकळी करतात तसं. आपल्याकडे लग्नाची बोलणी मुलगी बघायच्या आधीच मामाने करून ठेवलेली असतात, ते काय वेगळं असतं?

पण एक इशारा, नाहीतर तुला वाटेल काकू जपानवर फिदा आहेत. आकडा लिहिला की काम होतं हे खरंच आहे, अमेरिकेत ओक्लाहोमात लाकूड वाहणाऱ्या ट्रकांवर १९७५ च्या सुमाराचा प्रसिद्ध प्रयोग आहे, ट्रक कायद्याने चालतं त्याच्या ६० टक्केच भरून जायचे, ९४ टक्क्यांचं नेमकं टार्गेट दिल्यावर काही महिन्यांत ९० च्या वर गेले, आधी 'जमेल तेवढं भरा' म्हणून काही होत नव्हतं. पण ट्रकात लाकडं दिसतात. माझ्याकडे काईझेनचं, म्हणजे छोट्या-छोट्या सुधारणांचं, टार्गेट होतं, माणशी महिन्याला दोन सुधारणा सुचवा. पहिले दोन महिने कुणी काही देईना, कारण आपल्या पोरांच्या डोक्यात की चूक दाखवली तर ती माझ्याच नावावर लागेल. मग मी मागे लागले आणि फॉर्मचा पूर आला. वर्षअखेरीला फायली चाळताना कळलं की प्रेस शॉपमधला कचऱ्याचा डबा त्या वर्षात अकरा वेळा हलवला होता आणि शेवटी होता तिथेच परत आला होता, दरवेळी 'वेळ वाचला' म्हणून फोटोसकट. मला हसू पण आलं आणि लाज पण वाटली, टार्गेट मीच लावलं होतं ना.

मोठ्यांकडेही हेच. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत दर ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विकायचं वेड होतं, तर लोकांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली, २०१६ मध्ये ते उघडकीला आलं. जपानच्या तोशिबात वरचे साहेब खालच्यांना जे अशक्य आकडे द्यायचे त्याला 'चॅलेंज' म्हणायचे, २०१५ मध्ये कळलं की काही वर्षं नफा फुगवूनच दाखवला जात होता, आणि प्रेसिडेंटना जावं लागलं. एक कंपनी मोठे आकडे लिहिणाऱ्या देशातली, दुसरी हान्सेई करणाऱ्या देशातली. वरच्याला फक्त आकडा ऐकायचा असेल तर खालचा आकडाच देतो, मग तो कुठल्याही देशातला असो.

आता येऊ त्या बेवारस गोलाकडे. तू लिहितोस 'फक्त ६ मार्कांनी गेली'. मार्कशीट तूच जोडलंस, तू ते बघितलंस का पण? शब्द-व्याकरण ३०, वाचन १७, ऐकणं ३७, बेरीज ८४. अरे, एन-टूला एकूण ९० तर लागतातच, पण तिन्ही भागांत वेगवेगळे किमान १९ लागतात, साठापैकी. तुला वाचनात १७ आहेत. म्हणजे ऐकण्यात आणखी वीस मिळाले असते, बेरीज १०४ झाली असती, तरी तू नापासच होतास! सहा मार्कांनी नाही, वाचनाने गेलास. आणि ४०० दिवस मेट्रोत काय केलंस, तर कांजीचं ॲप, जे ३० वाल्या भागाचं काम आहे. त्या स्ट्रीकमध्ये गोल ॲपचा पूर्ण होतोय, तुझा नाही.

आणि पत्रात दुसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलायस की शेवटचे मोठे उतारे बघायलाच मिळाले नाहीत, वेळ संपला. तेच तर! एन-टूला शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून एकच १०५ मिनिटं असतात आणि वाचन शेवटी येतं, तू पहिल्या भागात एकेका कांजीशी झटत बसलास आणि वाचनाचा बळी गेला. पेपर एकच असल्याने वाचन आधी सोडवणारेही असतात, घरी जुन्या पेपरवर दोन्ही तऱ्हेने घड्याळ लावून करून बघ आणि मग ठरव. हे मी आत्ता जे केलं ना तुझ्या मार्कशीटचं, यालाच हान्सेई म्हणतात. कुणी अपमान केला का तुझा?

मग 'डिसेंबरला एन-टू' असं लिहायचंच नाही यावेळी. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर बरीच वर्षं हे सांगतायत की 'मी अमुक करीन' यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं जागा-वेळेसकट ठरवलं तर माणूस जास्त करतो. आपल्या पूजेतला संकल्प आठव, पळीभर पाणी सोडायच्या आधी भटजी काय काय वदवून घेतात, कुठला द्वीप, गोदावरीचा दक्षिण तीर, तिथी, वार, नक्षत्र, गोत्र, नाव, आणि मग कुठे काय करायचंय ते. जागा, वेळ, माणूस, काम, सगळं पक्कं. (आता हे लगेच 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणून व्हॉट्सॲपला टाकू नकोस, त्याच पूर्वजांना एन-टू द्यायची नव्हती.) तुझा संकल्प असा: संध्याकाळी निशि-कासाईला उतरलो की घरी जायच्या आधी स्टेशनजवळ कुठेतरी बसायचं, फोन बॅगेत, एक उतारा, बारा मिनिटं, चुकलेलं एका वहीत. सकाळी तोझाई लाईनच्या त्या गर्दीत काय हवं ते कर, तिथे हात वर करायला जागा नसते म्हणतात. वही बायकोशिवाय कुणाला दाखवू नकोस. जुलैची परीक्षा दे नाहीतर डिसेंबरची, पण पुढच्या निकालात मला बेरीज सांगू नकोस, वाचनाचा आकडा सांग.

बाबांचं. तू थोडा चिडून लिहिलंयस की गोल माझा आहे, ते का ठरवतात. मी तुझ्या बाजूची असते तर बरं वाटलं असतं तुला, पण पूर्ण नाहीये. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा १९९९ चा अभ्यास आहे, सॅन फ्रान्सिस्कोतली सात ते नऊ वर्षांची मुलं, काहींना कोडी स्वतः निवडू दिली, काहींना बाईंनी निवडून दिली, काहींना सांगितलं की तुझ्या आईने निवडलीयेत. गोऱ्या अमेरिकन घरातल्या मुलांनी स्वतः निवडल्यावर सगळ्यात जास्त सोडवली, चिनी-जपानी वळणाच्या घरांतल्या मुलांनी आईने निवडलंय म्हटल्यावर. आपल्याकडेही ध्येय हे बरेचदा जॉइंट अकाउंटच असतं, आणि त्याने माणूस लंगडा होतोच असं नाही, किती जण घराकडे बघूनच शिकले. लंगडा होतो तो त्या खात्यात आपली सही आहे का नाही हे न बघितल्याने. तुला फ्लॅट हवाय का? कराडला, पुण्याला, का कुठेच नको? पत्रात याचं उत्तर नाहीये, मी शोधलं.

आणि बाबांना तू काय सांगतोस, 'बघू'. अरे ज्या माणसाने अख्खी नोकरी वेळापत्रकावर गाडी काढली त्याला 'बघू' हे उत्तर कसं पटेल? त्यांना आकडा आणि तारीख दे. मार्चपर्यंत एवढे साठवतो, तोवर फ्लॅटचा विषय नको, मार्चला मीच काढीन. उशीर चालतो एसटीवाल्याला, गाडी लागलीये का नाही तेवढं कळलं पाहिजे. आणि नकोच असेल तर नको म्हणून सांग, एकदा भडकतील, दोन दिवस आईच फोन उचलेल, होतं.

परत यायचं का अमेरिकेला जायचं, हे रिव्ह्यूच्या महिन्यात ठरवायचं नाही. बी मिळाला म्हणून देश सोडायचा असेल तर सिॲटललाही एक बी वाट बघत असेलच, फक्त तो इंग्लिशमध्ये आणि स्माइलीसकट येतो. ऑक्टोबरपर्यंत वर सांगितलेलं करून बघ. एवढं करूनही काचो-सान तुला वर्षाने परत तीच तीन कामं देत असतील आणि बाजूचा पोरगा पुढे गेला असेल, तर मात्र प्रश्न संस्कृतीचा नाही, त्या टीमचा आहे, मग बिनधास्त बाहेर बघ, टोकियोतही बघ. संस्कृती-संस्कृती करून वाईट साहेबाला माफ करणारे पण मी खूप पाहिलेत.

आईला सांग की दारुमा म्हणजे आपलाच बौद्ध भिक्षू बोधिधर्म, दक्षिण भारतातून चीनला गेला अशी परंपरा आहे, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला, हातपाय झडले अशी दंतकथा, म्हणून बाहुलीला हातपाय नसतात आणि बूड जड असल्याने पाडली तरी उभी राहते. आधी एकच डोळा रंगवायचा असतो, काम झालं की दुसरा. काम झालं नाही तरी वर्षाने ती देवळात परत नेतात, तिथे विधी करून जाळतात, आणि नवीन आणतात, त्यात कुणी लाजत नाही. एवढं सांगूनही आईला नकोच असेल तर व्हिडिओ कॉलला कॅमेऱ्यात येणार नाही अशी ठेव, तेवढं आपण करतोच की.

आणि कुकर. भात गिचका होतो म्हणतोस तर तू आईच्या मापाने एकास दोन पाणी घालत असणार. तिथला तांदूळ मुळातच इंद्रायणीसारखा चिकट, त्याला एकास सव्वाच्या आसपास पुरतं. भांड्याच्या आतल्या बाजूला रेघा असतात, त्या बघून पाणी घाल.

– काकू